तसबिरीच्या पायाशी थांबलेलं पाणी

ताई,
नाव छापू नका. वय ४१, सांगलीत नदीकडच्या बाजूला आमचं जुनं घर. घरात मिस्टर, दोन मुलं आणि ७८ वर्षांच्या सासूबाई. २०१९ ला आमच्याकडं माणूस बुडेल एवढं पाणी होतं, २०२१ ला कमरेएवढं. तेव्हापासून मला पावसाचं काहीतरी झालंय. परवा वळीव आला, पत्र्यावर नुसता तडतडला, तर मी मोरीत जाऊन ओकले. रात्री तीनला जाग येते, छातीत धडधडतं, मग मोबाईल काढून कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी शोधत बसते. मे महिन्यात! रोझरीची माळ हातात घेतली तर नमो मरिया ही प्रार्थना म्हणता म्हणता मनात फूट मोजत असते.

आमच्या प्रेअर ग्रुपमधल्या एक बाई म्हणाल्या, "भीती म्हणजे अविश्वास. सैतानाला दार उघडं ठेवल्यासारखं आहे. कन्फेशनला जाऊन ये." आता मला भीतीचीच भीती वाटायला लागलीय.

सासूबाई अगदी उलट. बाहेरच्या खोलीत येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे, मामंजींच्या वेळची. २०१९ ला पाणी बरोबर तिच्या चौकटीखाली थांबलं. भिंतीवर ती रेघ अजून आहे, त्या रंग देऊ देत नाहीत. त्या वेळी चार पोरांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून, साडीनं बांधून बोटीत ठेवलं होतं. त्याबद्दल त्या कधी बोलत नाहीत. म्हणतात, देवानं घर राखलं, आता पाणी आलं तरी उंबरा ओलांडणार नाही, देव बघेल. रोज रात्री ९१ वं स्तोत्र म्हणतात आणि ढाराढूर झोपतात. हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, गुडघे गेलेत. मिस्टर आईपुढं तोंड उघडत नाहीत. त्या श्रद्धावान आणि मी घाबरट, असं घरात ठरून गेलंय. खरंच माझा विश्वास कमी पडतोय का? आणि पाणी आलं तर त्यांना कसं काढू?
— एक घाबरट सून, सांगली

सूनबाई,

कन्फेशनला जरूर जा, पण या कारणासाठी नको. तिथं पाप सांगायचं असतं, आणि पत्र्यावर पाऊस वाजल्यावर पोटात गोळा येणं हे पाप नव्हे. चर्चचा जो अधिकृत धर्मशिक्षणाचा ग्रंथ १९९२ साली निघाला, त्यात भीतीला प्रेम, राग, आनंद, दुःख यांच्याच पंगतीला बसवलंय. या भावना मुळात चांगल्याही नसतात आणि वाईटही नसतात, असं तिथं स्वच्छ लिहिलंय. माणूस त्यांच्या मागं लागून पुढं काय करतो, ते तपासायचं. त्या बाईंना हे सांगताना आवाज चढवू नकोस. त्यांनाही कुणीतरी लहानपणी तेच शिकवलं असणार.

त्या कदाचित बायबलमधली वादळातल्या होडीची गोष्ट काढतील. "तुम्ही असे भित्रे कसे?" असं प्रभूनं शिष्यांना विचारलं, हे खरंच आहे. पण मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून क्रम बघ. प्रभू होडीच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय. शिष्य त्याला उठवतात, तेही काही नम्रपणे नव्हे, आम्ही बुडतोय आणि तुम्हाला काळजी नाही का, असं म्हणतात. तो उठतो, आधी वारा शांत करतो आणि मग विचारतो. (मत्तयाकडं हा क्रम उलटा आहे, मला माहीत आहे. मला मार्कचा पटतो.) आणि गेथशेमाने बागेत? तिथं प्रभू स्वतः इतका व्याकूळ झाला की घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता, असं लूक लिहितो. हा प्याला टळू दे, असं त्यानं पित्याला विनवलं. त्याला त्या रात्री कुणी कन्फेशनला पाठवलं नाही.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर इथं संपलं. पत्र वाचताना मला काळजी वाटली ती तुझ्या सासूबाईंची. तुमच्या घरात दोन घाबरलेल्या बायका आहेत असं मला वाटतं. एकीची भीती मोरीत ऐकू येते, दुसरीची "देव बघेल" या दोन शब्दांमागं बसलीय.

हे मी त्यांच्यावर टीका म्हणून म्हणत नाही, मी स्वतः हे केलंय. २००५ चा पूर. आमचं घर तेव्हा नदीकडंच होतं. गल्लीतली सगळी घरं रिकामी झाली आणि मी यांना म्हणाले, "देव आहे की, कुठं जायचं उगीच." खरं कारण मी पुढं कितीतरी वर्षांनी कबूल केलं. जायचं तर मिरजेला जाऊबाईंकडं जायला लागणार होतं, आणि त्याआधी दोन वर्षं वाटणीवरून आमचं भांडण झालेलं. पिशव्या घेऊन त्यांच्या दारात उभं राहायची मला लाज वाटत होती. मग तीन दिवस आम्ही दोघं माळ्यावर. वीज गेलेली, फ्रिज खाली पाण्यात. यांच्या इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवलेली, आणि मी दर तासाला फडकं भिजवतेय. तोंडानं रोझरी चालू होती, मनात जाऊबाई. त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी छाती पुढं काढून सांगितलं असतं की माझा देवावर पूर्ण भरवसा आहे.

म्हणून सासूबाई ज्याबद्दल बोलत नाहीत तिथं बघ. सत्तरी ओलांडलेली बाई, आयुष्यभर स्वतःच्या पायानं चर्चमध्ये मिस्साला गेलेली, तिला चारचौघांत खुर्चीला बांधून परक्या पोरांनी उचललं. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळ गावात बोट उलटली आणि माणसं गेली. ती बातमी त्यांनी कुठल्यातरी शाळेच्या वर्गात सतरंजीवर बसून ऐकली असेल. त्यांना पाण्याचं भय किती आहे कोण जाणे, पण त्या खुर्चीचं आणि त्या बोटीचं नक्की असणार. कधीतरी दुपारी दोघीच असताना, भाजी निवडता निवडता विचार, "आई, त्या दिवशी बोटीत तुम्हाला काय वाटलं?" घर सोडायचा विषय त्या दिवशी काढूच नकोस.

आता तसबिरीचं. पाणी सगळीकडं एकाच पातळीला उभं राहतं. तुमच्या रेघेच्या सरळ रेषेत शेजारच्या घरातही रेघ असणार, तिथं भिंतीवर गणपती असेल नाहीतर नुसतं कॅलेंडर. पण हे शहाणपण सासूबाईंना शिकवायला जाऊ नकोस. पूर ओसरल्यावर घरात पाऊल टाकलं तो दिवस आठव. पायाखाली घोटाभर चिखल, फुगून दार न उघडणारं लाकडी कपाट, डब्यातलं पीठ आंबलेलं आणि तो वास, जो सांगलीतल्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही. त्या सगळ्यात एकच वस्तू कोरडी, आपल्या जागेवर, नवऱ्याच्या हातानं टांगलेली. त्या रेघेला त्या रंग लावू देत नाहीत यात मला काही चूक दिसत नाही. त्यांची कृतज्ञता खरी आहे. "म्हणून पुढच्या वेळीही पाणी तिथंच थांबेल" हा हिशोब त्यांचा आहे, तो देवानं कुठं लिहून दिलेला नाही.

आणि ९१ वं स्तोत्र. झोपताना ते म्हणणं अगदी चर्चच्या रीतीला धरून आहे, रविवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत हेच स्तोत्र असतं. फक्त मत्तयाचा चौथा अध्याय त्यांच्याबरोबर एकदा वाच. प्रभूला मंदिराच्या टोकावर उभं करून "खाली उडी टाक, दूत तुला हातांवर झेलतील, पायाला धोंड्याची ठेचसुद्धा लागणार नाही" असं सैतान म्हणतो, तेव्हा तो हेच स्तोत्र म्हणून दाखवत असतो. स्तोत्र पाठ आहे त्याचं! प्रभू त्या स्तोत्राला खोटं म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो की परमेश्वर तुझा देव, त्याची परीक्षा पाहू नकोस. कडेवर उभं राहून देवाला "आता झेल" म्हणणं हा भरवसा नव्हे, हे खुद्द प्रभूनं ठरवून दिलंय. पुलाजवळ ४५ फूट पाणी असताना नदीकाठच्या घरात हृदयाच्या गोळ्या घेऊन बसून राहणं त्या कडेपासून फार लांब नाही. (पुरात अडकलेला माणूस आणि "देव वाचवेल" म्हणत त्यानं परत पाठवलेल्या होड्या हा विनोद मी इतक्या रिट्रीटमध्ये ऐकलाय की इथं सांगत नाही. सासूबाईंनीही ऐकला असेल आणि हसल्याही असतील.)

हे सगळं तू सांगून त्या ऐकतील असं मला वाटत नाही. सुनेनं बायबल शिकवलेलं कुठल्या सासूला आवडलंय? म्हणून फादरांना घरी बोलाव. जून हा पवित्र हृदयाचा महिना, सणही पेंटेकॉस्टनंतरच्या (पवित्र आत्म्याच्या सणानंतरच्या) तिसऱ्या शुक्रवारी, म्हणजे बहुतेक जूनमध्येच येतो. तसबिरीपुढं प्रार्थना करायला या, म्हटल्यावर ते आनंदानं येतील. आणि आदल्या दिवशी त्यांना भेटून दोन गोष्टी सांगून ठेव. पहिली, पाणी आलं तर घर सोडायचं असतं हे त्यांच्या तोंडून येऊ दे. दुसरी, सासूबाईंना आजाऱ्यांचा अभ्यंग, म्हणजे तेल लावून प्रार्थना करायचा संस्कार, देता येईल का, ते विचार.

दचकलीस ना? "तेल लावलं की माणूस जातो" हे आपल्या घराघरांत बसलंय, आणि त्यांच्या पिढीनं तर याला शेवटचं तेल म्हणूनच ओळखलं. पण ४ डिसेंबर १९६३ ला जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेवरचा जो दस्तऐवज काढला, त्यातच म्हटलंय की हा संस्कार फक्त अगदी मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही. मोठ्या ऑपरेशनच्या आधी घेता येतो, म्हातारपणानं शरीर थकत चाललं तर घेता येतो, तब्येत आणखी खालावली तर पुन्हा घेता येतो. फादर डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावतात. ते तेल बिशपांनी पवित्र आठवड्याच्या सुमारास आशीर्वादित केलेलं असतं. याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, याचं मूळ आहे: कुणी आजारी असेल तर त्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. आणि तुझ्या पत्राशी ज्याचा थेट संबंध आहे ते असं, की या संस्काराची पहिली कृपा म्हणून चर्च बरं होणं सांगत नाही. ते धीर आणि शांती सांगतं, आजारपणाला आणि म्हातारपणाला तोंड द्यायची हिंमत सांगतं. म्हणजे भीतीवरच आहे हे. सासूबाईंना फसवून मात्र देऊ नका. काय आहे, कशासाठी आहे, हे फादरांनी आधी नीट सांगावं. "मला नको" म्हणाल्या तर नको.

आता तुझं बघू. मला पत्रात सगळ्यात जास्त खटकली ती ओकारी आणि तीनची जाग. पुराला इतकी वर्षं झाली आणि तुझं शरीर अजून त्या पाण्यात उभं आहे. याला डॉक्टर लागतो, मनाचा डॉक्टर. आपल्याकडं मिरज हे दवाखान्यांचं गाव, हाड मोडलं, डोळ्यात मोतीबिंदू आला की कर्नाटकातली माणसंसुद्धा तिथं येतात. आणि आपण मनाच्या डॉक्टरकडं जायचं म्हटलं की पुण्याचा पत्ता शोधतो, कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून. आपल्या कॅथोलिक बायबलमध्ये सिराखचा ग्रंथ आहे, प्रॉटेस्टंट शेजारणीच्या बायबलमध्ये तो बहुतेक सापडणार नाही. त्याचा ३८ वा अध्याय वाच. वैद्याचा मान ठेव, त्यालाही परमेश्वरानंच निर्माण केलंय, औषधं जमिनीतून परमेश्वरच उगवतो आणि शहाणा माणूस ती नाकारत नाही, असा तिथला अर्थ आहे. प्रार्थना कर आणि वैद्यालाही वाट करून दे, दोन्ही एका दमात सांगितलंय. प्रेअर ग्रुपमध्ये कुणी नाक मुरडलं तर हा अध्याय मोठ्यानं वाचून दाखव. तिथं आवाज चढवलास तरी चालेल.

मोबाईल रात्री स्वयंपाकघरात ठेव. कोयना धरणातून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत मिळतं, मग वाळवा, पलूस असं करत सांगलीला येतं. तू झोपलीस त्या चार तासांत ते उडी मारून तुझ्या उंबऱ्यावर येत नाही. पावसाळ्यात सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा बघायचं, बास. आणि तुझा आकडा आजच, कोरड्या दिवशी, मिस्टरांबरोबर बसून ठरव. पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. मी तुझ्या जागी असते तर ४० ला सासूबाई आणि मुलं हलवली असती, ४५ ची वाट बघितली नसती. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि गुडघे गेलेल्या बाईला खुर्चीत बांधायची वेळ येऊ द्यायची नसेल तर रिक्षा दारात येईपर्यंत रस्ता कोरडा हवा. कुणाकडं जायचं तेही आत्ताच ठरव आणि त्यांना फोन करून सांग. माझ्यासारखं जाऊबाईंचं काही असेल तर ते मे महिन्यात मिटव. गोळ्यांची पंधरा दिवसांची पट्टी, आधार, रेशन कार्ड, घराचे कागद एका पिशवीत. बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी जीव टाकू नकोस. तुमचा बाप्तिस्मा झाला त्या पॅरिशच्या (चर्चच्या) रजिस्टरमध्ये नोंद असते, तिथून तो पुन्हा मिळतो.

आकडा एकदा ठरला की ३८ ला काय आणि ३९ ला काय, तुला करायचं काही उरत नाही. उरलेलं त्याच्याकडं सोपवायचं म्हणतात ते इथून पुढं. आधी नाही.

रात्री तीनला जाग आली तर पूर्ण माळ ओढायच्या भानगडीत पडू नकोस. एकच नमो मरिया, सावकाश. त्या प्रार्थनेच्या शेवटी आपण मरियामातेला विनंती करायला सांगतो ती दोनच वेळांसाठी: आता, आणि आमच्या मरणाच्या वेळी. मधल्या काळाचं, पुढच्या जुलैचं, कोयनेच्या दरवाजांचं त्यात नाव नाही. तू "आता" या शब्दावर थांब. आता अंथरूण कोरडं आहे. मुलं शेजारी झोपलीत. फूट मोजायला मन पळालं तर पळू दे, परत आलं की पुन्हा "आता". माळ हातात ठेवून झोप लागली तर अपराधी वाटून घेऊ नकोस. लिझ्यूच्या संत तेरेझाला प्रार्थनेत वर्षानुवर्षं झोप लागायची. तिनं लिहून ठेवलंय की मुलं झोपलेली असली तरी आईबापांना तितकीच आवडतात. भरवशाचा मार्ग दाखवणारी म्हणून सगळं चर्च तिच्याकडं बघतं, पोप फ्रान्सिस यांनी २०२३ मध्ये तिच्यावर लिहिलेलं पत्र "भरवसा" याच शब्दावर उभं आहे. आणि हीच बाई शेवटचं दीड वर्ष अशा अंधारात होती की स्वर्ग आहे की नाही याचंही तिला काही जाणवत नव्हतं. १८९७ मध्ये ती गेली तेव्हा २४ वर्षांची होती. तिला आतून छान, शांत वाटत होतं म्हणून ती संत झाली नाही.

राहिला प्रश्न सासूबाईंना काढायचा. तसबीर आधी काढायची. तू नको काढूस आणि मिस्टरांनाही हात लावू देऊ नकोस. फादर येऊन गेल्यावर सासूबाईंनाच विचार, "आई, या वर्षी पाणी आलं तर तसबीर कुणी सांभाळायची?" माझा अंदाज आहे त्या "मीच" म्हणतील. मग रिक्षात त्या पुढच्या बाजूला नकोत, मागं बसू देत, तसबीर मांडीवर. काच आतल्या बाजूला वळवून जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळा, वर प्लास्टिक. आणि भिंतीतला खिळा जुना असेल, ओढताना गिलावा येईल. तो आत्ताच बदलून ठेव, नवा हूक लाव, म्हणजे त्यांना स्वतःच्या हातानं उतरवता येईल.